धागा: पार्थिव सोनेगावला उतरतं तेव्हापासून गावच्या दगडावर नाव कोरेपर्यंत: कुठं काय चुकतं?

रात्रपाळी
विदर्भातल्या एखाद्या सैनिकाचं पार्थिव नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरलं की दुसऱ्या दिवशी चार पेपरांत चार हुद्दे, तीन वयं आणि दोन गावं छापून येतात. ज्याच्यासाठी पान राखलं त्याचंच नाव चुकतं. जिल्हा वार्ताहर, यूट्यूबवाले आणि गावचे कार्यकर्ते या तिघांनाही उपयोगी पडेल असं इथं एका जागी जमा करू.

सुरुवात मी करतो. मजकूर लिहायला घेण्याआधी सात गोष्टी कागदावर हव्यात: सैन्य क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, घटनेचं ठिकाण, मृत्यूची तारीख, मृत्यूचं कारण. एकही नसली तरी रकाना मोकळा ठेवावा, अंदाजाने भरू नये. ही माहिती एका माणसाकडे कधीच मिळत नाही. हुद्दा, युनिट आणि घटना नागपूरच्या संरक्षण जनसंपर्क अधिकाऱ्याकडून कळते. गाव, तालुका आणि घरची माणसं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला ठाऊक असतात. अंत्यसंस्काराची जागा आणि वेळ तहसीलदार सांगतो. व्हॉट्सॲपला हे सगळं सगळ्यांच्या आधी कळतं आणि निम्मं चुकीचं कळतं.

तारखेत दोन चुका ठरलेल्या. एक म्हणजे बातमी आली तो दिवस मृत्यूचा दिवस म्हणून छापणं. दुसरी म्हणजे जखमी होऊन नंतर रुग्णालयात गेलेल्याची चकमकीचीच तारीख देणं. दोन्ही तारखा द्या, कोणती कशाची ते लिहा.

गार्ड्समन_निवृत्त
हुद्द्याचं मी सांगतो, कारण मराठी पेपरांत लेफ्टनंट कर्नलही 'जवान' असतो.

पायदळातल्या सगळ्यात खालच्या सैनिकाला सरसकट 'शिपाई' म्हणून चालत नाही. इथे कामठीला ज्यांचं केंद्र आहे त्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये तो गार्ड्समन. ग्रेनेडियर्समध्ये ग्रेनेडियर, रायफल रेजिमेंटमध्ये रायफलमन, तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, रणगाडा दलात सवार. मराठा लाइट इन्फन्ट्री आणि महार रेजिमेंटमध्ये मात्र शिपाईच. रणगाडा दलात हवालदाराच्या जागी दफेदार आणि सुभेदाराच्या जागी रिसालदार असतो. 'दफेदार' वाचून डेस्कवरचा कोणी तो 'हवालदार' करून टाकतो आणि आपण सुधारणा केली असं समजतो.

केंद्र आणि युनिट यांतही घोळ होतो. महार रेजिमेंटचं केंद्र सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला. तिथे प्रशिक्षण होतं. माणूस लढत असतो तो बटालियनमध्ये, आणि बटालियन कुठेही असू शकते. 'सागर येथे कार्यरत' असं छापलेलं दहातल्या आठ वेळा चूक असतं. त्यातून राष्ट्रीय रायफल्समध्ये (तिथे सैनिक इतर रेजिमेंटमधून येतात) नेमणूक असेल तर मूळ रेजिमेंट आणि तेव्हाचं युनिट, दोन्ही लिहावं लागतं.

वऱ्हाडी_ठेचा
काका, नावाचं विसरले तुम्ही. लष्करी कागदावर नाव इंग्रजीत आणि पुष्कळदा आडनाव आधी. तिथून पेपरवाले परत मराठी करतात. मग वानखडेचा वानखेडे, काळेचा काले, इंगळेचा इंगले. इंग्रजीतल्या एका अक्षरावरून ल की ळ हे कोणाच्या बापाला कळणार नाही! घरच्यांना फोन लावायची हिंमत होत नसेल तर ग्रामपंचायतीत नाहीतर शाळेत विचारा. दाखल्यावर देवनागरीत लिहिलेलं असतं.

आणि पिंपळगाव लिहिलं की तालुका लिहाच. पिंपळगावं किती आहेत राजेहो!

रात्रपाळी
बरोबर. मी तर वार्ताहराला सांगतो, शाळेच्या दाखल्याचा फोटोच पाठव.

कॅमेरा_सदर
एक गोष्ट या सगळ्याच्याही आधीची. नाव कधी छापायचं?

घरी कळवण्याची वाट ठरलेली असते. युनिट अभिलेख कार्यालयाला कळवतं, तिथून जवळच्या नातेवाइकांना. स्थानिक पातळीवर स्टेशन मुख्यालय आणि सैनिक कल्याण कार्यालय मदतीला येतं. शक्यतो माणूस घरी जातो, नुसता फोन होत नाही. या वाटेला काही तास लागतात. त्या तासांत गावच्या ग्रुपवर फोटो फिरला, तर आईला बातमी शेजाऱ्याच्या मोबाइलवरून कळते. म्हणून घरी कळल्याची खात्री होईपर्यंत नाव, गाव, फोटो काहीही नाही. 'विदर्भातील एका जवानाला' असंही लिहू नये. विदर्भातली ज्या-ज्या घरची पोरं त्या भागात आहेत, ती सगळी घरं रात्रभर जागी राहतात.

आकड्याचंही तसंच. गलवानमध्ये १५ जून २०२० च्या रात्री चकमक झाली. १६ जूनला दुपारी लष्कराने एक अधिकारी आणि दोन जवान असं सांगितलं. रात्री उशिरा दुसरं निवेदन आलं: गंभीर जखमी असलेले आणखी १७ जण उणे तापमानात राहावं लागल्याने दगावले, एकूण २०. दुपारचं निवेदन खोटं नव्हतं, त्या वेळेपुरतं होतं. म्हणून शीर्षकात आकड्यापुढे 'आतापर्यंत' आणि मजकुरात निवेदनाची वेळ हवी.

चालू कारवाईचं थेट प्रक्षेपण तर करताच येत नाही. केबल टीव्हीच्या नियमांत ६(१)(त) असं मराठीत कुणी लिहितं, कुणी 'पी' लिहितं, पण आशय एकच: दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची. एप्रिल २०२५ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने याची पुन्हा आठवण करून दिली.

मानेवाडाकर
सगळं पटलं, पण एक प्रश्न. 'शहीद' लिहायचं की नाही? आमच्या वाचनालयात यावर दोन तट पडले आहेत.

रात्रपाळी
सरकारी भाषेत तो शब्दच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी केंद्रीय माहिती आयोगापुढे हेच सांगितलं. लष्करात 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि निमलष्करी दलांत व पोलिसांत 'ऑपरेशन्स कॅज्युअल्टी' असे शब्द आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये लष्कराच्या मुख्यालयानेही हा शब्द वापरू नका, त्याऐवजी 'कर्तव्य बजावताना मृत्यू', 'सर्वोच्च बलिदान' असं लिहा, असं पत्र आपल्या कमांडना पाठवलं. ते पत्र लष्करापुरतं आहे. पेपरावर बंदी नाही.

वऱ्हाडी_ठेचा
नागपुरात बंदी घालून पाहा! आपल्या सीताबर्डीच्या उड्डाणपुलाचं नावच आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल आहे. २३ नोव्हेंबर १९९४ च्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी गेले, त्यांना शहर शहीदच म्हणतं. तो शब्द लोकांचा आहे, जीआरचा नाही.

शिलालेख
मराठीत शब्दांची टंचाई कुठे आहे? 'हुतात्मा' आहे, 'वीरमरण' आहे, 'धारातीर्थी पडले' आहे. बखरींत तर 'कामास आले' एवढंच असतं आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. माझं मत सांगतो. भावनेसाठी कोणताही शब्द घ्या, पण बातमीच्या पहिल्या वाक्यात प्रत्यक्षात काय झालं ते हवं. गोळी लागून, सुरुंगस्फोटात, हिमस्खलनात, वाहन दरीत कोसळून, हृदयविकाराने. 'देशसेवा बजावताना शहीद' या एका वाक्याने पाचही कारणं झाकली जातात. नंतर घरच्यांना त्याचा त्रास होतो, तो फाइलभाऊ सांगतील.

फाइल_नंबर
सांगतो. थोडं लांब होईल.

मृत्यूच्या कारणावर सगळं पुढचं उभं आहे. लष्कर आधी 'बॅटल' की 'फिजिकल' कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतली हानी की इतर, हे ठरवतं. त्यानंतर निवृत्तिवेतनासाठी अ ते इ असे पाच प्रवर्ग आहेत, ते संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रातले. सेवेशी संबंध नसलेला मृत्यू पहिल्यात, सेवेमुळे झालेला आजार दुसऱ्यात, कर्तव्यावरचा अपघात तिसऱ्यात, दहशतवादी वगैरेंच्या हिंसाचारातला चौथ्यात, शत्रूशी लढताना वा युद्धसदृश कारवाईतला पाचव्यात.

कुटुंब निवृत्तिवेतन त्यानुसार बदलतं. पहिल्या प्रवर्गात साधारण कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के (सेवेत मृत्यू असल्यास पहिली १० वर्षं ५० टक्के). दुसऱ्या-तिसऱ्यात विशेष, ६० टक्के. चौथ्या-पाचव्यात उदारीकृत, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकंच.

केंद्राचं सानुग्रह अनुदान वेगळं. १ जानेवारी २०१६ पासून कर्तव्यावरचा अपघात किंवा दहशतवादी हिंसाचार यात २५ लाख. सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, तसंच ठरवलेल्या अतिउंच भागात कर्तव्यावर नैसर्गिक आपत्तीने वा हवामानाने मृत्यू यात ३५ लाख. युद्धात किंवा अधिसूचित युद्धसदृश कारवाईत शत्रूकडून मृत्यू यात ४५ लाख.

आता बातमीत काय होतं ते पाहा. अपघातात गेलेल्याला 'चकमकीत शहीद' छापलं, गावात सभा झाली, पुढाऱ्याने मंचावरून मोठा आकडा सांगितला. सहा महिन्यांनी कागद येतो तो तिसऱ्या प्रवर्गाचा. गाव म्हणतं, सरकारने फसवलं. कुटुंबाचा वेळ कातरणं घेऊन हेलपाटे घालण्यात जातो. प्रवर्ग युनिटच्या अहवालावर आणि चौकशीवर ठरतो, कातरणावर नाही.

मानेवाडाकर
मग बातमीत रक्कम लिहूच नये?

फाइल_नंबर
लिहा. पण 'जाहीर', 'मंजूर' आणि 'खात्यात जमा' ही तीन वेगळी क्रियापदं आहेत. आणि कोण देतंय ते सुटं सुटं लिहा: केंद्राचं अनुदान, राज्याची मदत, विमा, निधी. सगळं एका बेरजेत टाकलं की वाद.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर सियाचेनवर गेला, तेव्हा हाच वाद देशभर झाला. शेवटी लष्कराला सुटे आकडे द्यावे लागले: ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचं वेतन १३ लाखांहून अधिक, बॅटल कॅज्युअल्टी निधीतून ८ लाख, सेवानिधीतला त्याचा वाटा आणि त्यावरचं सरकारी अंशदान, शिवाय तातडीचे ३० हजार. अग्निवीराच्या घरी नियमित सैनिकासारखं कुटुंब निवृत्तिवेतन नाही, हा त्या वादातला खरा मुद्दा. तो बहुतेक ठिकाणी आकड्यांच्या ढिगाखाली गेला.

पैसे अडकतात त्याची कारणं फार साधी असतात. लग्न झालं पण 'पार्ट टू ऑर्डर' (नोंदीत बदल करणारा लष्करी आदेश) निघाली नाही, म्हणून लष्कराच्या नोंदीत बायकोचं नावच नाही. विम्याचं नामनिर्देशन भरतीच्या वेळचं, वडिलांच्या नावाने. आधारवर 'Sunita', लष्करी नोंदीत 'Suneeta'. बँक खातं संयुक्त, पण मृत्यूनंतर गोठवलेलं. हे दुरुस्त करायला आधी अभिलेख कार्यालयाला अर्ज, सोबत विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. मग प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून निवृत्तिवेतनाचा आदेश, तो आता 'स्पर्श' प्रणालीवर दिसतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबतीला कल्याण संघटक मिळतो, त्याला पहिल्याच आठवड्यात भेटा. वार्ताहराने तिसऱ्या महिन्यात एकदा जाऊन 'काय काय आलं' एवढं विचारलं तर दहा अग्रलेखांचं काम होतं.

गार्ड्समन_निवृत्त
यावर एक विनंती. सासू-सुनेत पैशावरून ताण आला की कॅमेरे लगेच पोहोचतात. निवृत्तिवेतन पत्नीला आणि विमा नामनिर्देशनानुसार असा दोन वाटांनी पैसा जातो, तिथेच बहुतेक गैरसमजाचं मूळ असतं. नियम न सांगता भांडण दाखवणं म्हणजे तेल ओतणं.

कॅमेरा_सदर
आता पार्थिव पोहोचण्याच्या दिवसाविषयी.

वेळ का चुकते? लडाखमधून पार्थिव निघायचं तर लेहचं विमान सकाळीच उडतं. दुपारी वारे वाढतात, हवा तापून आणखी विरळ होते, उड्डाणं थांबतात. सकाळ चुकली की दिवस गेला. पुढे दिल्ली, तिथली मानवंदना, मग नागपूर. म्हणून 'आज सायंकाळी पार्थिव येणार' हे दिल्लीहून विमान सुटल्याशिवाय छापू नये. लोक लेकराबाळांसह रस्त्यावर उभे राहतात. रात्री उशिरा उतरलं तर पार्थिव बहुधा कामठीच्या लष्करी रुग्णालयात ठेवून सकाळी गावाकडे नेतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, वर्धा असा कुठेही रस्त्याने प्रवास असतो, तो मिरवणुकीमुळे दुप्पट वेळ घेतो.

फोटो घेताना: पेटी उघडली तर कॅमेरा खाली. मुलांच्या चेहऱ्याचा क्लोजअप नाही. सैनिकाचा फोटो घरच्यांकडून घ्यावा, फेसबुकवरून उचलू नये, कारण सारख्या नावाच्या भलत्याच माणसाचा फोटो छापला जातो आणि तो जिवंत माणूस फोन करतो. ग्रुप फोटो कापून वापरू नका, शेजारच्यांचे चेहरे आणि मागची चौकी दिसते. बिगूल सुरू असताना शटरचा खडखडाट आणि 'सर, इकडे बघा' बंद.

गार्ड्समन_निवृत्त
'२१ बंदुकांची सलामी' हा शब्दप्रयोग एकदाचा पुरा. २१ तोफांची सलामी राष्ट्रपतींना असते. लष्करी अंत्यसंस्कारात सलामी पथक हवेत तीन फैरी झाडतं, रिकाम्या काडतुसांच्या. पथकात कितीही जण असोत, फैरी तीनच. सात रायफली आणि तीन फैरी असा गुणाकार करून कोणीतरी २१ काढले असावेत. क्रम असा: शोक शस्त्र, म्हणजे रायफलीची नळी खाली. मग सलामी, फैरी, बिगुलावर 'लास्ट पोस्ट', शांतता, 'राउज'.

'शासकीय इतमाम' आणि 'लष्करी इतमाम' वेगळे. पहिला राज्य सरकार देतं, सलामी पोलिसांची. दुसरा लष्कराचा. पुष्कळदा दोन्ही पथकं असतात. कोणतं होतं ते पाहून लिहा.

तिरंग्याचं: ध्वजसंहिता २००२ प्रमाणे केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला. चितेला अग्नी देण्याआधी किंवा दफनाआधी ध्वज काढून घेतात, तो जाळायचा नाही आणि पुरायचाही नाही. घडी करून घरच्यांकडे देतात. पुष्पचक्रं पायथ्याशी किंवा पुढच्या चौथऱ्यावर. ध्वजावर झेंडूचा ढीग करू नये. आणि राष्ट्रध्वज पांघरण्याचा मान शासकीय, लष्करी वा निमलष्करी अंत्यसंस्कारालाच. इतर कोणाच्या तिरडीवर तो घालणं १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्ह अवमान प्रतिबंधक कायद्यात बसतं, हे गावच्या उत्साही मंडळींनी लक्षात ठेवावं.

आणखी एक. 'परमवीरचक्र विजेता' लिहू नका. ते स्पर्धेचं बक्षीस नाही. आपल्याकडे 'मानकरी' हा नेमका शब्द आहे. परमवीरचक्राचे मानकरी २१, त्यातले १४ मरणोत्तर. अशोकचक्र, कीर्तिचक्र, शौर्यचक्र ही शांतताकाळातली मालिका आहे, तिला 'दुसऱ्या क्रमांकाचं युद्धपदक' म्हणणं चूक.

वऱ्हाडी_ठेचा
फ्लेक्सबद्दल कोणी बोलून नाही राहिलं! सैनिकाचा फोटो पासपोर्टएवढा, भाऊंचा दाराएवढा, खाली सोळा शुभेच्छुक. श्रद्धांजलीला शुभेच्छुक काहून लागतात?

रात्रपाळी
निवडणुकीच्या काळात तर त्याला मनाईच आहे. प्रचारात संरक्षण दलातल्या व्यक्तींचे फोटो वापरू नका, असं निवडणूक आयोगाने ४ डिसेंबर २०१३ ला पक्षांना कळवलं आणि ९ मार्च २०१९ ला पुन्हा बजावलं. फ्लेक्सची बातमी करताना फोटो कापून फक्त सैनिकाचा ठेवा, बाकीची मंडळी आपोआप थंड होतात.

मानेवाडाकर
पूर्वी एवढा गाजावाजा नव्हता, असं म्हणतात ते खरं का?

गार्ड्समन_निवृत्त
खरं आहे. १९६२, १९६५, १९७१ मध्ये पार्थिव घरी पाठवण्याची पद्धतच नव्हती. आघाडीजवळच अंत्यसंस्कार, घरी तार, नंतर जमलं तर अस्थी. १९९९ च्या कारगिलमध्ये पार्थिव गावोगाव पाठवण्याचा निर्णय झाला आणि त्याच वेळी टीव्ही घराघरांत होता. आज आपण जी 'पद्धत' समजतो ती तेव्हाची, म्हणजे पंचवीसेक वर्षांची.

प्रसिद्धी आणि हानी यांचं प्रमाण कधीच जुळत नाही. कारगिलमध्ये ५२७ गेले. १९८७ ते १९९० दरम्यान श्रीलंकेतल्या शांतिसेनेत त्याच्या दुपटीहून अधिक. तिथून सहसा पार्थिवं आली नाहीत, विजयदिन नाही, खासगी वृत्तवाहिन्याही नव्हत्या. 'ऑपरेशन पवन', म्हणजे तीच श्रीलंकेतली कारवाई, म्हटलं तर निम्म्या पत्रकारांना विचारावं लागतं. विदर्भातल्या जुन्या नावांची यादी करणाऱ्याने कारगिलपासून सुरुवात करू नये, नाहीतर आधीची पन्नास वर्षं रिकामी दिसतात. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या त्यागचक्रात १९४७-४८ पासूनची नावं ग्रॅनाइटवर आहेत, हुद्दा आणि युनिटसकट. पडताळायला तीच यादी घ्या. स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, त्या आधीच्या पुस्तकांत तिचा उल्लेख नसेल.

गोंडवाना
नागपूरच्या पेपरांना सीमेपेक्षा गडचिरोली जवळ आहे, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच. सी-६० हे महाराष्ट्र पोलिसांचं नक्षलविरोधी पथक, १९९० साली उभं राहिलं. ते लष्कर नाही आणि केंद्रीय राखीव पोलीस दलही नाही. हिंगण्याला सीआरपीएफचं गट केंद्र आणि राज्य राखीव दल जवळजवळ असल्याने नागपुरात तर तिन्ही एकच समजतात. मंत्रालय वेगळं, निवृत्तिवेतनाचे नियम वेगळे, हुद्दे वेगळे. पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ ला गेलेले ४० जण सीआरपीएफचे होते, तरी 'लष्कराचे जवान' अजून छापतात. पोलिसांचा स्मृतिदिन २१ ऑक्टोबर, १९५९ च्या लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जच्या घटनेवरून, तिथे चिनी हल्ल्यात पोलीस गेले होते. त्याला आतल्या पानावर दोन इंच मिळतात.

आता खरा मुद्दा. १ मे २०१९, कुरखेड्याजवळ जांभुळखेडा, भूसुरुंग स्फोट. शीर्षक सगळीकडे '१५ जवान शहीद'. गाडीत १६ जण गेले. सोळावा त्या खासगी गाडीचा चालक. गणवेश नव्हता म्हणून कुठे 'आणि एक चालक' अशी शेपटी, कुठे तीही नाही. वार्षिक स्मृतीच्या बातमीत तर आकडा सरळ १५ होतो. ८ ऑक्टोबर २००९ ला लाहेरीजवळ १७ पोलीस गेले, तिथे असा प्रश्न नव्हता. जांभुळखेड्यात आहे.

कॅमेरा_सदर
गोंडवाना, हे शीर्षकातच '१६ ठार. १५ पोलीस, १ चालक' असं बसतं. एका ओळीत मावतं.

मानेवाडाकर
आमचं वाचनालय आणि दोन ग्रामपंचायती मिळून नावांचा दगड बसवायच्या विचारात आहोत. @शिलालेख भाऊ, खर्चापेक्षा आधी चुका सांगा.

शिलालेख
आपल्याकडे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे जुने स्मृतिदगड, शेकड्यांनी आहेत. खाली लढाई, वर अप्सरा घेऊन चालल्यात, त्यावर शिवपूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. सगळं कोरलं, बहुतेकांवर नाव तेवढं नाही. आपण उलट करू: नक्षी कमी, नाव पक्कं.

आधी ठराव. जागा ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेचा, शहरात महापालिकेचा. ठरावात मजकूर शब्दशः घ्या, नाहीतर उद्घाटनाच्या आदल्या रात्री खाली देणगीदार वाढतात. देणगीदारांची पाटी वेगळी, मागच्या बाजूला.

एका नावाची ओळ: सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, कारवाई किंवा ठिकाण, तारीख. क्रमांक कशाला, असं विचारतात. सियाचेनवर १९८४ मध्ये हिमस्खलनात गेलेल्या एका लान्स नायकाचं पार्थिव ऑगस्ट २०२२ मध्ये सापडलं, ३८ वर्षांनी. ओळख पटली ती क्रमांकाच्या पट्टीवरून. एकाच नावाची दोन माणसं असतात, एका क्रमांकाची नसतात.

दगड काळा ग्रॅनाइट, जाडी किमान १८ मिमी, उभा मोठा असेल तर जास्त. अक्षरं खोल कोरलेली हवीत. नुसतं पॉलिशवर सोनेरी रंगाने लिहिलं तर नागपूरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत रंग उडतो आणि नाव जातं. विनाइल स्टिकर तर पहिल्याच मे महिन्यात कडेने सुटतं. कोरलेल्यातला रंग गेला तरी अक्षर वाचता येतं. नावाच्या अक्षराची उंची २५ मिमीच्या खाली नको, पाच-सहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे. दगड नुसत्या सिमेंटवर चिकटवू नका. ऊन-पावसाने मागचा माल सुटतो आणि अख्खी पाटी पडते. मागे स्टेनलेस स्टीलच्या पिना किंवा क्लॅम्प, वर थोडी छज्जी, खाली पाण्याला वाट. खाली चार ओळींची जागा मोकळी सोडा. ती भरावी लागू नये, पण सोडा.

सगळ्यात मोठी गफलत फाइलमध्ये. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला, कापणाऱ्या मशीनवर दुसरा फॉन्ट. मग 'शौर्य'चा रफार सरकतो, 'ऱ्हा' फुटतो, 'क्ष'चं भलतंच होतं. दगडावर खोडरबर चालत नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, मग अक्षरांची कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट लागू नये म्हणून अक्षरं रेषाकृतीत बदलून, फाइल द्या, आणि पूर्ण मापाचा कागदी प्रिंट काढून प्रत्येक घरच्यांकडून त्यांच्या नावावर सही घ्या.

गार्ड्समन_निवृत्त
क्रम हुद्द्याप्रमाणे नको हो. लष्करी स्मारकावर तो शोभतो, गावात भांडण होतं.

शिलालेख
तारखेप्रमाणे. एकाच तारखेचे असतील तर आडनावाच्या अकारविल्ह्याने.

गोंडवाना
आणि माझा सोळावा? तो कोणत्या रकान्यात?

शिलालेख
रकाना तोच. हुद्द्याच्या जागी 'वाहनचालक', युनिटच्या जागी गावाचं नाव, तारीख १ मे २०१९. वेगळा चौकोन नाही, तारा नाही. आडनाव जिथे येईल तिथे. फक्त क्रमांकाची जागा मोकळी राहील, तिथे आडवी रेघ नका मारू, मोकळीच ठेवा.

मानेवाडाकर
ठीक. ठरावाचा मसुदा रविवारी टाकतो. कर्व्ह केलेली फाइल कोणाला पाठवू?

शिलालेख
मला नको, आधी घरच्यांना प्रिंट दाखवा. सह्या झाल्या की पाठवा.